शिकून पेन्शन यायचं, पेन्शन येऊन शिकायचं नाही

दरवर्षी तिन्ही दलांमधून साधारण ६०,००० जण पेन्शन येतात, म्हणजे निवृत्त होऊन घरी येतात, आणि त्यातले बहुतेक जण चाळिशीच्या आतबाहेर असतात. सिव्हिलमधला माणूस या वयात प्रमोशनची वाट बघत असतो, फौजी त्याच वयात डिस्चार्ज बुक आणि ट्रंक घेऊन साताऱ्याच्या नाहीतर मिरजेच्या स्टेशनवर उतरतो. मुलं सातवी-आठवीला, आईवडील थकलेले, घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत येऊन थांबलेलं, आणि पुढं अजून वीस-बावीस वर्षं कमवायचं आहे. म्हणजे जेवढी नोकरी फौजेत झाली त्याहून जास्त अजून बाकी आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नावर आपल्याकडं एकच उत्तर तयार असतं, "मेजर, अमक्या बँकेत गार्डची जागा निघालीय, बघा की."

गार्डचं काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. रात्रभर एटीएमसमोर बसून घर चालवणारे कितीतरी माजी सैनिक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या माणसावर देशानं पंधरा-सतरा वर्षं ट्रेनिंगचा खर्च केला, ज्याला वायरलेस, इंजिन, रडार, हिशोब, माणसं सांभाळणं यातलं काही ना काही पक्कं येतं, त्याला पहिलं आणि शेवटचं स्टेशन म्हणून आपण गेट दाखवतो आणि वर म्हणतो की बघा कशी सोय केली. आणि तोही गेटवर जाऊन उभा राहतो, कारण दुसरं काही मागण्याइतका वेळच त्याच्या हातात नसतो, पहिल्या महिन्यापासून घरात खर्च सुरू झालेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवं काम शिकणं ही पेन्शन आल्यावर सुरू करायची गोष्टच नाही, ती युनिफॉर्म अंगावर असताना शेवटच्या दोन-तीन वर्षांत व्हायला पाहिजे, आणि त्यासाठीचा वेळ फौजेनं अधिकृतपणे द्यायला पाहिजे. नुसतं जवानाच्या चिकाटीवर सोडून चालणार नाही. पण तो वेळ मिळाला तर पुन्हा रिक्रूट व्हायची तयारी मात्र जवानाची स्वतःचीच पाहिजे, ती सरकार देऊ शकत नाही.

मी स्वतः आर्मीत स्टोअरकीपर टेक्निकल, म्हणजे सामानाचा साठा आणि हिशोब सांभाळणारा, होतो, आता चाकणच्या एका वेअरहाऊसमध्ये आहे, त्यामुळे गावाकडची पोरं पेन्शन यायच्या आधी किंवा आल्यावर बायोडाटा घेऊन माझ्याकडं येतात. परवा माझ्याच ट्रेडचा एक नाईक आला होता. बायोडाट्यात लिहिलेलं, "सतरा वर्षे भारतीय सैन्यात सेवा. प्रामाणिक, शिस्तप्रिय, कोणतेही काम करण्यास तयार." बस. खाली सही. मी विचारलं, अरे तुझ्या चार्जमध्ये आयटम किती होते, तर म्हणाला, "दादा, साडेचार हजाराच्या वर असतील, गाड्यांचे स्पेअर सगळे." स्टॉक टेकिंग कोण करायचं? "मीच." ऑडिटला कधी डेफिशियन्सी, म्हणजे सामानात तूट, निघाली का? "एकदाबी नाही." गोळ्याबिळ्या सोडा, पण उंचावरच्या पोस्टला हिवाळ्याचा साठा आधी कोण पोचवायचं? "तेबी आमीच की, रस्ता बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचं सामान वर चढवायला लागतं."

आता मला सांगा, चाकणला, भिवंडीला, रांजणगावला कंपन्या काय शोधत असतात? हेच. आवक-जावक चोख ठेवणारा, साठा कधी संपेल ते आधी ओळखणारा, ऑडिटला न घाबरणारा माणूस. या पोरानं ते सगळं केलंय, बर्फात केलंय, आणि बायोडाट्यात लिहिलंय "कोणतेही काम करण्यास तयार". एचआरमधली मुलगी ते वाचते आणि तिच्या समोर एकच काम येतं, सिक्युरिटी. तिचं काय चुकलं, तिला इश्यू व्हाउचर, म्हणजे सामान दिल्याची फौजी पावती, काय असते ते कुणी सांगितलेलंच नाही.

पण इथंच दुसरी गोष्टही सांगायला पाहिजे, नाहीतर ही नुसती फौजीची बाजू घेणं होईल. मी त्याला विचारलं एक्सेल येतं का, तर म्हणाला थोडं थोडं. लॅपटॉप पुढं ठेवला, दोन शीट दिल्या, एकात पार्ट नंबर आणि साठा, दुसऱ्यात पार्ट नंबर आणि किंमत, म्हटलं दोन्ही जोड. तो एकेक नंबर डोळ्यांनी शोधून टाईप करायला लागला. एक्सेलमधल्या व्हीलुकअप या सूत्रानं ते काम मिनिटभराचं आहे. म्हणजे मूळ ज्ञान, जे शिकायला दहा वर्षं जातात, ते त्याच्याकडं आहे, आणि वरचं साधन, जे शिकायला दोन महिने लागतात, ते नाही. बाजारात मात्र त्या दोन महिन्यांच्या गोष्टीवरनं माणूस बाहेर राहतो. हे दोन महिने त्याला शेवटच्या दोन वर्षांत कुणी दिले नाहीत आणि त्यानंही मागितले नाहीत.

"आता या वयात काय शिकायचं" हे वाक्य फौजीच्या तोंडून ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण फौजीइतकं आयुष्यभर शिकत राहिलेला माणूस सिव्हिलमध्ये सापडत नाही. रिक्रूट ट्रेनिंग झालं, मग ट्रेडचं ट्रेनिंग, मग लान्स नाईक-नाईक व्हायला केडर, म्हणजे प्रमोशनचा कोर्स, मॅप रीडिंगची परीक्षा, नवीन इक्विपमेंट आलं की त्याचा कोर्स, हवालदार व्हायला परत केडर. पस्तिसाव्या वर्षी पहाटे उठून पीटी करून दिवसभर क्लासमध्ये बसून रात्री नोट्स काढणारा माणूस अडतिसाव्या वर्षी म्हणतो आता डोकं चालत नाही. डोकं चालतं. फरक एवढाच की तिथं शिकायला ऑर्डर यायची, कोर्सचं नॉमिनेशन यायचं, उस्ताद समोर उभा असायचा, नापास झालो तर प्रमोशन अडायचं. इथं ऑर्डर देणारं कुणी नाही. स्वतःचा उस्ताद स्वतःच व्हायचं, ही सवय मात्र फौज लावत नाही, आणि सिव्हिलमध्ये सगळ्यात जास्त तीच लागते.

मग ऑर्डरच काढा ना. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक जवानाला, तो कुठल्याही पोस्टिंगला असो, पुढच्या कामाचा एक कोर्स सक्तीचा करा, जसं केडर सक्तीचं असतं तसंच. आज डायरेक्टोरेट जनरल रिसेटलमेंटचे, म्हणजे डीजीआरचे, रिसेटलमेंट कोर्स आहेत, जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार-सुभेदार वगैरेंसाठी) ते २४ आठवड्यांपर्यंतचे असतात, आणि त्यात चांगले कोर्सही आहेत, नाही असं नाही. पण कोर्स निवडताना आमची पोरं काय बघतात, तर घराजवळ कुठला मिळतोय. हे समजण्यासारखं आहे, सतरा वर्षं घराबाहेर काढल्यावर सहा महिने घरच्यांजवळ राहायला मिळत असतील तर कोण सोडेल? पण त्यामुळं तो कोर्स म्हणजे जवळजवळ रजाच होऊन जाते, सर्टिफिकेट फाईलला लागतं आणि पुढं कुणी विचारत नाही. निवड करायच्या आधी अर्धा तास बसून, बाबा रे तुझा ट्रेड काय, तुझा जिल्हा कुठला, तिथं कसली इंडस्ट्री आहे, तुला कुठं राहायचंय, एवढं विचारणारा एक माणूस पाहिजे. पुण्याजवळच्या पोराला ऑटोमोबाईल स्टोअर्स, कोकणातल्या पोराला पोर्ट आणि बोटीचं इंजिन, नाशिकच्या पोराला कोल्ड स्टोरेज, असं काहीतरी. इन्फन्ट्रीच्या जीडी, म्हणजे जनरल ड्युटी, जवानाला तर याची सगळ्यात जास्त गरज आहे कारण त्याच्याकडं ट्रेडचं नाव सांगायलाही नसतं. दहा जणांचं सेक्शन चालवलेला, रात्रीच्या पेट्रोलिंगला माणसं नेऊन सगळी परत आणलेला माणूस शॉप फ्लोअरला शिफ्ट सुपरवायझर म्हणून उभा राहू शकतो, फायर अँड सेफ्टीमध्ये जाऊ शकतो, पण त्याला कुणी तरी ते जोडून दाखवायला पाहिजे.

आता आरक्षणाचं बघू, कारण हा विषय काढला की लोक लगेच म्हणतात, अहो तुम्हाला तर आरक्षण आहे. आहे. केंद्रात गट क ला १० टक्के, गट ड ला २० टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत १४.५ आणि २४.५ टक्के, आपल्या राज्यात गट क आणि ड ला १५ टक्के समांतर आरक्षण. आणि प्रत्यक्षात? जून २०२१ च्या डीजीआरच्या आकड्यांप्रमाणं केंद्राच्या ज्या ३४ खात्यांची माहिती आली होती त्यांच्यात गट क मध्ये माजी सैनिक होते १.२९ टक्के आणि गट ड मध्ये २.६६ टक्के. आता आरक्षण नव्या भरतीवर असतं, एकूण कर्मचाऱ्यांवर नाही, त्यामुळं हे दोन आकडे एकास एक लावता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा १० आणि १.२९ मध्ये एवढी दरी नुसत्या हिशोबाच्या फरकानं पडत नाही. त्याच आकड्यांत सरकारी बँकांमध्ये मात्र गट क ला ९.१० टक्के आणि गट ड ला २१.३४ टक्के होते. का? मला वाटतं, बँकेची परीक्षा दरवर्षी ठरलेल्या वेळी होते, तिचा पॅटर्न ठरलेला असतो, पोरांना माहीत असतं की क्लार्कच्या प्रिलिमला ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचेत, त्यामुळं ती सर्व्हिसमध्ये असतानाच तयारी करतात, बंकरमध्ये रिझनिंगची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं मी बघितलीत. रस्ता सरळ दिसला की फौजी चालतो. बाकीच्या खात्यांमध्ये जाहिरात कधी निघाली, कुठं निघाली, हेच त्याला पोस्टवर कळत नाही. रिकाम्या राहिलेल्या जागांवर "पात्र उमेदवार उपलब्ध नाहीत" असा शेरा पडतो आणि जागा दुसऱ्याकडं जाते. पात्र उमेदवार उपलब्ध होते हो, ते सियाचीनच्या पायथ्याशी होते.

एक नियम इथं मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतो. माजी सैनिकाच्या कोट्यातनं केंद्राची नोकरी एकदा लागली आणि रुजू झाला की तो कोटा परत वापरता येत नाही. पण रुजू व्हायच्या आधी बाकीच्या ज्या ज्या जागांना अर्ज केलेत त्यांची तारखेसकट यादी जॉईन होतानाच लिहून दिली तर त्या अर्जांसाठी फायदा राहतो. म्हणजे आधी लहान नोकरी धरून मोठीची वाट बघता येते, फक्त कागद वेळेवर द्यायला पाहिजे.

आणखी एक, ग्रॅज्युएशनचं. पंधरा वर्षं सर्व्हिस झालेल्या दहावी पास जवानाला गट क च्या बऱ्याच बिगरतांत्रिक जागांसाठी ग्रॅज्युएट धरतात, हा नियम १९८६ पासून आहे. त्याचा फायदा जरूर घ्या. पण त्यावर विसंबून राहू नका, कारण खाजगी कंपनीत हे सर्टिफिकेट दाखवलं की समोरचा बुचकळ्यात पडतो, आणि सुपरवायझरच्या वर जायचं म्हटलं की खरी डिग्री मागतातच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, सर्व्हिसमध्ये असताना तीन-चार वर्षांत बीए-बीकॉम निघतं. सुट्टीत परीक्षा देऊन निघतं. अवघड आहे, पण निघतं, कितीतरी जणांनी काढलंय.

पैशाबद्दल थोडं कडक बोलणार आहे. पेन्शन येताना जवानाला पेन्शनचा निम्मा भाग विकता येतो, कम्युटेशन म्हणतात त्याला, एकरकमी पैसे मिळतात आणि तो भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. ग्रॅच्युइटी, फंड, कम्युटेशन मिळून एकदम मोठी रक्कम खात्यात येते आणि गावाकडं ती जाते कुठं तर बंगल्याला. दोन मजली, पुढं ग्रिल, वर पाण्याची टाकी. घर पाहिजेच, पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला स्वतःच्या स्लॅबची ओढ असणार, त्यात चूक काही नाही. पण त्या रकमेतनं लाख-दीड लाख स्वतःच्या शिक्षणाला बाजूला काढणारा मला क्वचितच दिसतो. मुलाच्या ॲकॅडमीला तीन लाख भरताना हात मागं जात नाही आणि स्वतःच्या कोर्सला तीस हजार म्हटलं की खर्च वाटतो. पुढची वीस वर्षं घर तुमच्या कमाईवर चालणार आहे, तेव्हा तो खर्च घरासाठीचाच आहे.

आणि घरातली एक मोठी मदत आपण वापरत नाही. सतरा वर्षं नवरा सीमेवर असताना बँक, शाळेची ॲडमिशन, लाईट बिल, सात-बारा, आता सगळं ऑनलाईन झालेलं, हे कुणी केलं? बायकोनं केलं. ती मोबाईलवरनं फॉर्म भरते, ओटीपी सांभाळते, सेतू केंद्रातल्या पोराला सरळ करते. नवरा घरी आला की सगळ्यात आधी तिच्याकडनं शिकायला पाहिजे. अनेक घरांत उलटं होतं, साहेब आले म्हणून ती मागं सरते आणि साहेबांना यूपीआयची लिमिट कशी बदलायची ते माहीत नसतं, मग चिडचिड. ज्या घरांत नवरा-बायको रात्री जेवणानंतर एकत्र बसून अर्ज भरतात, ती घरं लवकर सावरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चिकाटी या शब्दाखाली आपण एक चुकीची गोष्टही खपवतो. तलाठी, पोलीस, वनरक्षक, परत तलाठी असं पाच-पाच वर्षं फॉर्म भरत बसणं, मधल्या काळात दुसरं काही न शिकणं, याला घरात चिकाटी म्हणतात. परीक्षा जरूर द्या पण तिला तारीख लावा, आणि शेजारी दुसरं काम चालू ठेवा. मुरलीकांत पेटकर आपल्याच सांगली जिल्ह्यातले, ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्याजवळ राहिली, पाय गेले. बॉक्सिंग संपलं. त्यांनी बॉक्सिंगलाच धरून ठेवलं असतं तर? १९६८ ला पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक आणलं. पुढं पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, तो वेगळा विषय. मला त्यांच्यातली घ्यावीशी वाटते ती गोष्ट म्हणजे ते दर वेळी नव्यानं पहिल्या दिवसाला बसले. पदक प्रत्येकाला मिळणार नाही, पण पहिल्या दिवसाला बसणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. आणि त्यांना लोकांनी हात दिला हेही तितकंच खरं. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही जखमी सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली संस्था. म्हणजे सैनिकाला निरोप देताना कसब द्यायचं ही कल्पना आपल्याकडं शंभर वर्षांहून जुनी आहे, फक्त आपण ती सगळ्यांपर्यंत नीट पोचवली नाही.

पहिल्या दिवसाला बसणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर पंचवीस वर्षांच्या पोराला सर म्हणणं. हे कठीण आहे. सुभेदार साहेबांच्या पुढ्यात काल तीस जवान फॉलिन व्हायचे, म्हणजे रांगेत उभे राहायचे, आणि आज टीम लीडर म्हणतो, "अंकल, हे रिपोर्ट परत करा." इथं बरेच जण नोकरी सोडतात, काम येत नाही म्हणून नाही, बोलणं सहन होत नाही म्हणून. मी त्यांना एवढंच सांगतो की ट्रेनिंग सेंटरमध्ये आपल्याला शिकवणारा लान्स नाईक किती वर्षांचा होता ते आठवा. वय तेव्हाही मध्ये आलं नव्हतं. कंपन्यांनाही सांगणं आहे, माजी सैनिकाला घेताना पहिले तीन महिने त्याच्याबरोबर एक माणूस द्या, तो तोंडानं अडचण सांगणार नाही, कारण फौजेत अडचण सांगायची नसते, पार पाडायची असते. तो गप्प आहे म्हणजे त्याला समजलंय असं धरू नका.

हे सगळं आता जास्त निकडीचं झालंय ते अग्निवीरांमुळं, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या पोरांमुळं. २०२२ मध्ये योजना आली, पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ च्या शेवटी, २०२७ च्या सुरुवातीला भरतात. योजनेप्रमाणं २५ टक्क्यांपर्यंत पोरं कायम होणार आणि बाकीची बाविशी-पंचविशीत घरी येणार, साधारण ११.७१ लाख सेवा निधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन, पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्या बाजूनं वय आहे, नवं शिकायला हे वय सोन्यासारखं आहे. पण पेन्शनचा आधार नसल्यामुळं चुकायला जागा कमी आहे, आणि बावीस वर्षांच्या पोराच्या खात्यात अकरा लाख दिसले की गाडी, लग्न, पाहुण्यांची उसनवारी आणि "भरती ॲकॅडमी काढू" म्हणणारे भागीदार सगळे एकदम येतात. प्रत्येक तालुक्यात आधीच इतक्या ॲकॅडम्या आहेत की १६०० मीटर पळवणारे मास्तर जास्त आणि पळणारी पोरं कमी अशी वेळ येईल. इग्नूच्या खास डिग्रीत सर्व्हिसमधल्या ट्रेनिंगला निम्मे क्रेडिट मिळतात, ती सोय त्यांच्यासाठी आहे, पण किती पोरांना कुणी समोर बसवून ती समजावून सांगितलीय?

म्हणून आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडं आणि पुण्याच्या मेस्को, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या राज्य महामंडळाकडं माझी मागणी आहे. किती जणांना गार्ड म्हणून लावलं हा आकडा तुम्ही मोजताच, त्याच्या शेजारी अजून एक आकडा मोजा, तीन वर्षांनी त्यातले किती जण गार्डच्या पुढं गेले. आणि अग्निवीरांना दर्जा नाही म्हणून दारातनं परत पाठवू नका. पोरगं सुट्टीवर आलेलं असतानाच त्याला बोलवा, डिस्चार्जची वाट बघू नका. ट्रेड विचारा, मार्कशीट बघा, जवळच्या आयटीआयशी बोला, बायोडाटा करून द्या आणि त्यात "कोणतेही काम करण्यास तयार" ही ओळ असेल तर ती आधी खोडा.